चिमाजी तांबटांनी बुजवलेले छिद्र

८ जून २००४ रोजी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकत गेला आणि तो भारतातून दिसला. सकाळी पावणेअकराच्या सुमारास बिंबाच्या कडेला काळा ठिपका लागला आणि पाच वाजण्याच्या आत तो दुसऱ्या कडेने बाहेर पडला, असे वेधशाळांच्या नोंदी सांगतात. त्या दिवशी नाशिकच्या पंचवटीत आभाळ कितपत उघडे होते याबद्दल पाहणाऱ्यांचे एकमत नाही. कोणी म्हणतो लख्ख ऊन होते, कोणी म्हणतो ढग सारखे आडवे येत होते. चिमाजी तांबटांच्या दुकानापुढे वेल्डिंगची काळी काच हातोहात फिरत होती, एवढ्या एका गोष्टीवर सगळे ठाम आहेत.

चिमाजींनी तेव्हा साठी ओलांडली होती. घराण्याचे काम बंबाचे. आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी आतून पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल, की त्याच्या पोटातून एक नळकांडे उभे गेलेले असते. नळकांड्यात विस्तव आणि धूर, भोवती पाणी. या दोघांची गाठ पडली की बंब संपला. म्हणून तांबटाचे सगळे कसब सांध्यात. टाकणखार लावून पितळेची झाळ अशी द्यायची, की पाण्याचा थेंब आत जाऊ नये आणि धुराचा वळसा बाहेर येऊ नये. तयार झालेला प्रत्येक बंब चिमाजी काठोकाठ भरत, कोरड्या राखेवर ठेवत आणि राखेवर ओल दिसते का ते बसून पाहत. त्यांच्या वडिलांनीही हेच केले होते. “आमच्याकडचं भांडं गळत नाही” हे वाक्य त्यांच्या दुकानात पाटीवर लिहिलेले नव्हते, कारण गल्लीत ते कोणाला सांगावे लागत नसे.

नव्वदच्या दशकात घरोघर गिझर आले आणि बंब माळ्यावर गेले. चिमाजींची ऐरण गप्प झाली. वत्सलाबाई, त्यांच्या पत्नी, तेवढ्यावर विझून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. जुन्या भांड्यांचे पोचे काढून देण्याचे काम त्यांनी मिळवून आणले. अशात एक कॉलेजचा मुलगा येझदी मोटारसायकलचा कुजलेला सायलेन्सर घेऊन दारात उभा राहिला. म्हैसूरचा कारखाना बंद पडला होता आणि नवा कुठे मिळत नव्हता. चिमाजींनी तो उलटापालटा केला आणि म्हणाले, “हा तर आडवा बंबच आहे. पाणी तेवढं नाही.”

पुढच्या आयुष्याचा पाया या एका वाक्यावर रचला गेला, आणि २००४ची चूकही याच वाक्यातून आली.

नळी वाकवण्यात चिमाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. गोदावरीची वाळू कढईत भाजून कोरडी करायची, नळीत ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुडदी मारायची आणि मग भट्टीच्या लालीवर नळी वाकवायची. वाळूत दमटपणा राहिला तर वाफेने गुडदी बंदुकीसारखी उडते. म्हणून ते ती वाळू गालाला लावून पाहत. लोखंडी पत्र्याचे वेल्डिंग त्यांना जमत नसे. त्यासाठी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळचा किशोर होता. तिशीतला, तोंडाळ, हाताला चपळ. किशोर पत्रा जोडणार, चिमाजी नळ्या वाकवणार आणि शेवटचा हात फिरवणार, अशी दोघांची वाटणी वर्षानुवर्षे चालली होती.

त्या उन्हाळ्यात कुंदन आपली बुलेट घेऊन आला. मखमलाबादकडे त्याच्या घरचा झेंडू आणि गुलाब होता. आई नवसाबाई पंचवटीत फुले विकत असे. कुंदनने नाशिकभोवतालचे किल्ले पालथे घातले होते आणि आता त्याला हिमालयात, रोहतांगच्या पलीकडे जायचे होते. एकट्याने. बुलेटला त्याने उंच हँडल, जाड नक्षीचे टायर आणि दोन्ही अंगांना सामानाच्या लोखंडी चौकटी लावून घेतल्या होत्या. राहिला होता सायलेन्सर.

“खालून जातो तो दगडाला घासतो,” कुंदन म्हणाला. “वर उचलून द्या. आणि एक नको, दोन द्या. डावीकडे एक, उजवीकडे एक.”

“इंजिनाला तोंड एक. एका तोंडाला दोन नाकं कशाला?”

“काका, बैलगाडीला एकच बैल जुंपलेला बघितलाय का कधी? तोल नको का?”

“तोल कसला,” किशोर मध्येच म्हणाला. “फोटोत भारी दिसायला पाहिजे, असं सरळ सांग ना.”

कुंदन हसला. ते खरेच होते.

रचना अशी ठरली. इंजिनातून येणारी नळी खाली उतरेल आणि इंजिनाखालच्या एका चपट्या लोखंडी पेटीत शिरेल. त्या पेटीतून दोन नळ्या फुटतील आणि दोन्ही अंगांनी वर चढत सीटखालच्या दोन सायलेन्सरांत जातील. पेटी किशोरने बांधली. तिच्या तळाला, अगदी खोलगट जागी, त्याने बाजरीच्या दाण्याहून थोडे मोठे छिद्र ठेवले. चिमाजींना त्याने ते सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटलेच नाही.

कुंदन निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नवसाबाई दुकानात आली. टोपली कडेला ठेवून ती पायरीवरच बसली.

“चिमाजीभाऊ, पोरगं ऐकत नाय. म्या म्हनलं, गाडी कोनी केली? तर म्हने, चिमाजीकाकांनी. मंग म्या म्हनलं जा. तुमच्या हातचं हाय म्हनून सोडते. खरं सांगा, काय दगा नाय ना?”

“वहिनी, माझ्या हातून गळकं काही गेलेलं नाही. निर्धास्त राहा.”

ती गेल्यावर चिमाजींनी सवयीप्रमाणे पेटी पाण्याने भरली आणि राखेवर ठेवली. राखेच्या मधोमध काळा डाग पडला. त्यांनी पेटी उचलून पाहिली. छिद्र. नवसाबाईच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज अजून कानात होता आणि इकडे किशोरच्या हातचा हा गाफीलपणा! त्यांनी टाकणखार घेतला, पितळ वितळवले आणि छिद्र बुजवून टाकले. कानशीने घासून ते इतके सपाट केले, की बोट फिरवले तरी कळू नये. पुन्हा पाणी भरले. राख कोरडी राहिली. किशोरला याबद्दल बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले. पोराला चारचौघांत खाली पाहायला लावायचे नव्हते.

८ जूनच्या सकाळी पेटी गाडीवर चढली. दोन्ही सायलेन्सरांतून एकाच वेळी ठोका आला तेव्हा गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. नवसाबाईने गाडीच्या हँडलला झेंडूची माळ बांधली. किशोरने कुंदनला वेल्डिंगची एक काच दिली. “वाटेत सूर्य बघ. आज त्याच्या तोंडावर तीळ येणार आहे.” कुंदन निघाला. जेवायला नामपूरला मावशीकडे थांबणार आणि तिथून साक्रीवरून धुळ्याला लागणार, असे त्याने सांगितले होते. पुढचा फोन कुठून येईल ते त्यालाही ठाऊक नव्हते.

दुपारी किशोर आपली दुसरी काच घेऊन परत आला आणि गल्ली दुकानापुढे जमली. वत्सलाबाईंनी पाहिले, शेजारच्या टेलरने पाहिले. चिमाजींनी काच डोळ्याला लावली. हिरवट काळोखात सूर्याची चकती आणि तिच्यावर एक बारीक, गोल, काळा ठिपका.

“काय दिसतंय, काका?”

“भोक.”

“घ्या! देवानंसुद्धा सूर्याला भोक ठेवलंय,” किशोर म्हणाला. “माझ्याकडूनच शिकला असणार.”

चिमाजींनी काच खाली घेतली. “तुझ्याकडून काय शिकणार? तुझं भोक मी काल संध्याकाळीच बुजवलं म्हणून बरं. गळत होती पेटी.”

किशोरच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले. “कुठलं भोक?”

“तळातलं.”

“काका, बुजवलंत?”

“मग काय, तसंच देऊ?”

“अहो, ते मी मुद्दाम पाडलं होतं!”

गल्लीत कोणाला काही कळले नाही. टेलर अजून काच मागत होता. किशोरने चिमाजींना हाताला धरून आत नेले.

“पाणी जायला ठेवलं होतं ते.”

“सायलेन्सरात पाणी कुठून येणार? नदीत बुडवणार आहे का तो?”

“बाहेरून नाही, काका. धुरातून. पेट्रोल जळतं, त्यातून वाफ निघते. थंड पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब दिसतात, बघितले नाहीत कधी? आपल्या पेटीतून दोन्ही नळ्या वर चढतात. सगळं पाणी परत उतरून तळात येणार. इथं काही होत नाही, तापतं नि उडून जातं. पण वर तो रात्री बर्फात गाडी उभी करणार. रोज थोडं थोडं साचलं आणि गोठलं, तर सकाळी दोन्ही वाटा बंद. गाडी श्वासच सोडू शकणार नाही.”

चिमाजी ऐरणीवर टेकले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी पाणी आणि धूर वेगळे ठेवले होते. धुराच्या पोटातच पाणी असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बंबात तसे कधी दिसलेही नव्हते.

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. “नामपूरला फोन लावा.”

कुंदनकडे मोबाइल नव्हता, आणि मावशीकडचा फोन लागेना. वळवाच्या वाऱ्याने तिकडचे खांब पडल्याचे मागाहून कळले.

“काका, ऐका,” किशोर हळू आवाजात म्हणाला. “तो मनालीहून घरी फोन करेलच. तेव्हा सांगू. कोणीही दोन मिनिटांत भोक पाडून देईल. आणि खरं सांगू? कदाचित काहीच होणार नाही. मी बोललो ते सगळं ‘जर’चं आहे. उगाच गावभर कशाला करायचं?”

“आणि फोन नाही केला तर?”

किशोरने खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

“त्याची आई चौकात बसलीय,” चिमाजी म्हणाले. “माझ्या नावावर तिनं पोरगं सोडलंय. गाडी काढ.”

त्यांनी हाताने फिरवायचे जुने ड्रिल पिशवीत घातले. वत्सलाबाईंनी पाण्याची बाटली दिली आणि एवढेच म्हणाल्या, “नवसाबाईंना मी काही सांगत नाही. तुम्ही आल्यावर तुम्हीच सांगा.”

आग्रा रोडला लागेपर्यंत किशोर एकटाच बोलत होता. ओझर गेले, पिंपळगाव गेले. किशोरच्या जुन्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या चिमाजींना समोरून येणारी प्रत्येक बुलेट कुंदनची वाटत होती, आणि ती नाशिककडे जात असल्यामुळे त्याची असणे शक्य नव्हते, हे दर वेळी दचकल्यावर कळत होते. सोग्रस फाट्याला उजवा रस्ता की डावा, यावर दोघांची शब्दाला शब्द लागून बाचाबाची झाली. किशोर डावीकडे देवळ्याच्या रस्त्याला वळला आणि तो बरोबर निघाला. सटाण्याच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. धुळीत मागचे काही दिसत नव्हते, पुढचेही नाही.

“काका, पिशवी घट्ट धरा. ड्रिल माझ्या बरगड्यांना भोक पाडतंय.”

चिमाजी हसले नाहीत. ते मनात पेटीचा तळ पुन्हा पुन्हा बोटाने चाचपून पाहत होते. सपाट. इतका सपाट, की त्यावर ड्रिलचे टोक टेकणार कसे?

नामपूरला कुंदनची मावशी भागीबाई ओट्यावर कांदा निवडत बसली होती. घर विचारायला लागले नाही, दारात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

“कुंदन?” चिमाजींनी गाडीवरूनच विचारले.

“निंघी गया ना तो, आत्तेच. जेवाले दिधं, हात धुवा आनि चालना गया. तुमी कोन शेतस?”

“त्याच्या गाडीचं काम आम्ही केलंय. किती वेळ झाला?”

“फार नही. पन तो काय थांबस? काय, गाडीले काही व्हयनं का?”

किशोरने गाडी फिरवली. “काही नाही मावशी, एक वस्तू विसरलाय.”

“पानी तं पी ल्या!”

साक्रीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नांगरलेली, पेरणीची वाट पाहणारी राने होती. किशोरने गाडी पिळली. जुने इंजिन कापऱ्या आवाजात ओरडू लागले. पुढे रस्ता एका ओढ्यावरून चढत होता. पुढचा चढ रिकामा. त्यापुढचे वळणही रिकामे. किशोरने खांद्यावरून मागे पाहिले. धुळ्याच्या हायवेला तो एकदा लागला, की त्याला गाठणे या गाडीच्या आवाक्यातले नव्हते, हे दोघांनाही कळत होते.

मग एका वस्तीपाशी गर्दी दिसली. अपघात झाला की गर्दी होते तशी, रस्त्याच्या कडेला, अर्धी रस्त्यात. चिमाजींची बोटे किशोरच्या खांद्यात रुतली.

गर्दीतून गाडीचे उंच हँडल दिसले. त्यावर सुकलेली झेंडूची माळ. गाडी स्टँडवर उभी होती आणि तिच्या भोवती सारी वस्ती रांग लावून उभी होती, कारण कुंदन एकेकाच्या डोळ्याला किशोरने दिलेली काळी काच लावून सूर्य दाखवत होता. एक म्हातारी काच सोडायला तयार नव्हती.

“काका?” कुंदन म्हणाला. “तुम्ही इथं? आईला काही...”

“आई बरी आहे.” चिमाजी खाली उतरले. वस्ती आता सूर्य सोडून त्यांच्याकडे बघत होती. “तुझ्या पेटीला तळात भोक होतं. ते मी बुजवलं. मला वाटलं गळतंय. ते बुजवायला नको होतं.”

“एवढ्यासाठी आलात?”

“वर थंडीत पाणी गोठलं असतं. वाट बंद झाली असती.”

कुंदन हसायला लागला आणि मग किशोरचा चेहरा पाहून थांबला. “माझ्या गाडीला हात लावताना मला विचारायचं नाही का, काका?”

“विचारायला हवं होतं.”

पेटी तापलेली होती. चिमाजींनी बाटलीतले पाणी फडक्यावर घेऊन ती थंड केली आणि ते रस्त्यात उताणे झोपून गाडीखाली सरकले. पेट्रोल सांडेल म्हणून गाडी आडवी करता येत नव्हती. त्यांनी बोट फिरवले. पितळ आणि लोखंड यांची सीमा त्यांना सापडेना. आपलेच काम त्यांना चकवत होते. ड्रिलचे टोक दोनदा घसरले, दुसऱ्या वेळी मनगट नळीला चिकटले आणि कातडी सोलून निघाली. किशोर वाकून म्हणाला, “द्या इकडे, मी करतो.”

“हे माझं आहे.”

त्यांनी खिळ्याने ठोकून एक बारीक खूण केली, तिच्यावर टोक टेकवले आणि दांडा फिरवू लागले. पिवळे कण त्यांच्या गळ्यावर पडत होते. मग ड्रिलचा आवाज बदलला आणि टोक आत गेले.

“गाडी सुरू कर,” खालून आवाज आला.

दोन्ही सायलेन्सर एकदम बोलले. चिमाजी तळाकडे बघत तसेच पडून राहिले. थोड्या वेळाने ते बाहेर आले, गाडीच्या माळेतला एक झेंडू तोडून त्यांनी खिशात टाकला आणि म्हणाले, “जा आता.”

कुंदन गेला. त्याचा ठोका ऐकू येईनासा होईपर्यंत दोघे उभे होते. म्हातारीने विचारले, काच कुठे आहे? ती कुंदनबरोबर गेली होती.

पंचवटीत परतल्यावर चिमाजी खिशातला झेंडू घेऊन थेट नवसाबाईच्या टोपलीपाशी गेले. ते काय म्हणाले आणि तिने काय उत्तर दिले, हे दोघांनीही पुढे कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फुले घेऊन दुकानावरून गेली, एवढे वत्सलाबाईंना आठवते. त्यानंतर चिमाजींनी केलेल्या प्रत्येक सायलेन्सरच्या तळाला छिद्र असे आणि ते मोकळे आहे की नाही हे ते स्वतः फुंकून बघत. बंब दुरुस्तीला आला तर तो मात्र पूर्वीसारखाच राखेवर ठेवत. २००९ च्या हिवाळ्यात ते वारले.

कुंदन त्या वर्षी पावसाळ्यात सुखरूप परतला. वर दोन सकाळी गाडीने सुरू व्हायला त्रास दिला होता, असे तो सांगतो. कारण थंडी, पेट्रोल की आणखी काही, ते त्याला माहीत नाही. पुढे त्याने ती बुलेट विकली. ती कोणाकडे आहे, पेटी अजून तिच्याखाली आहे का, याचा शोध लागलेला नाही. छिद्र बुजलेलेच राहिले असते तर खरोखर वाट बंद झाली असती का, हे आता तपासता येणार नाही. साक्रीच्या रस्त्यावर ड्रिल आत गेल्यावर भोकातून पाणी पडले, असे किशोर शपथेवर सांगतो. नुसते पितळेचे कण पडले आणि ओल होती ती फडक्याची, असे कुंदन म्हणतो. गाडीखाली डोळे उघडे ठेवून एकच माणूस पडला होता, आणि त्याने काय पाहिले हे माहीत नाही.